न दिसणाऱ्या आकाशाचा हिशेब

जूनच्या ७ किंवा ८ तारखेला महाराष्ट्रात मृग लागतो. बियाणे, खते, औत, मजूर, उधारउसनवारी यांची सगळी बोलणी या तारखेभोवती फिरतात. मात्र त्या रात्री मृगाचे तारे पाहायला कोणी अंगणात गेले तर ते दिसत नाहीत, आणि याचा दोष ढगांना देता येत नाही. मृग लागतो म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात जातो. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते त्याच्याबरोबर उगवते आणि त्याच्याबरोबरच मावळते, त्यामुळे त्या दिवसांत ते डोळ्यांना दिसणे शक्य नसते. रोहिणीपासून स्वातीपर्यंत पावसाची बहुतेक नक्षत्रे अशीच ऐन आपल्या दिवसांत लपलेली असतात. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणणाऱ्या शेतकऱ्याने ते तारे त्या पावसात कधी पाहिलेले नसतात.

मग सूर्य मृगात गेला हे ठरवायचे कसे? पहाटे सूर्याच्या आधी पूर्वेला कोणते तारे वर येतात आणि संध्याकाळी त्याच्यामागून पश्चिमेला कोणते बुडतात हे पाहिले की मधली जागा कळते. दुसरा मार्ग चंद्राचा. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून तो चित्रेजवळ दिसला तर सूर्य रेवती-अश्विनीच्या आसपास आहे हे उघड होते. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ ही महिन्यांची नावे याच पौर्णिमांच्या नक्षत्रांवरून पडली. जे दिसते त्यावरून जे दिसत नाही त्याची जागा काढणे हे आकाश पाहण्याच्या जुन्या विद्येचे मूळ काम होते. महाराष्ट्रात ही विद्या पुढे कुठे गेली, कशी मोडली आणि कोणत्या वाटेने आजच्या रेडिओ दुर्बिणींपाशी पोचली, हा इतिहास बहुतेक वेळा दोन वेगळ्या पुस्तकांत वाचायला मिळतो: एकात पंचांगे, दुसऱ्यात विज्ञान.

राहू आणि केतू हे या हिशेबातले सर्वांत धीट पाऊल. पुराणांनी त्यांना राक्षसाचे डोके आणि धड मानले, पण ५ व्या शतकाच्या शेवटी आर्यभटाने ग्रहणे सावल्यांमुळे होतात हे गणितासह मांडले. चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. हे दोन मार्ग जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. तिथे ना दगड आहे ना उजेड. तरीही हे बिंदू उलट्या दिशेने सरकत सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात आणि पंचांगात त्यांना मंगळ-गुरूच्या शेजारी रकाना मिळतो. ग्रहणाचा दिवस आणि घटका त्यांच्यावाचून निघत नाही. राहूचे फलित काय, हा वेगळा विषय आहे. त्याची जागा काढण्याचे गणित मात्र ग्रहणाच्या कसोटीवर दर वेळी तपासले जात होते.

ही कसोटी सांभाळणारी घराणी आणि पाठशाळा होत्या. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख त्याचा ठळक पुरावा आहे. ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ ११५० साली लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला. यादवांच्या मांडलिकांनी त्याला दिलेल्या दानाची नोंद १२०७ च्या सुमारास दगडावर कोरली गेली. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी तेव्हाच्या मराठीत आहेत. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावर ग्राहकाकडून राजाला येणारा हिस्सा मठाला दिला, अशी तजवीज त्यांत आहे. खगोलगणिताचे शिक्षण बाजाराच्या करातून चालवण्याची ही व्यवस्था होती, आणि ज्यांना ती पाळायची होती त्यांना कळेल अशा भाषेत ती लिहिली गेली. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

अशा मठांत वेधाची साधने साधी असत. वेळ मोजायला घटिकापात्र होते. तांब्याची पातळ वाटी, बुडाला बारीक भोक, आणि ती तरंगायला पाण्याने भरलेले रुंद भांडे. भोकातून पाणी चढत चढत वाटी भरते आणि २४ मिनिटांनी बुडते. ती एक घटका. अशा ६० घटकांचा अहोरात्र. मराठी लग्नघरांत मुहूर्ताची वेळ साधायला हीच वाटी तरंगत ठेवत. भास्कराचार्यांनी यंत्रांच्या अध्यायात अशी अनेक साधने वर्णिली आणि शेवटी बुद्धीलाही यंत्रांत बसवले. हातात काठी असली आणि गणित येत असले तर वस्तूची उंची आणि अंतर तिथल्या तिथे काढता येते, असा त्यांचा रोख होता.

१५२० मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ लिहिले आणि हे गणित सामान्य जोशाच्या आवाक्यात आले. त्यांनी ज्या-कोज्यांची कोष्टके टाळली आणि ११ वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे चक्र धरून ग्रहांची स्थाने बेरीज-वजाबाकीने काढता येतील अशा रीती दिल्या. जोशीबुवांना आकाशाकडे न पाहता पंचांग करता येऊ लागले. सोय मोठी होती, पण तिची किंमत पुढे मोजावी लागली. गणिताचे अंक दर वर्षी तेच आणि ग्रह मात्र आपल्या चालीने जाणारे, त्यामुळे फरक साचत गेला. साडेतीनशे वर्षांनंतर ग्रहणे पंचांगातल्या वेळेला लागेनात आणि ग्रहांच्या युती वेगळ्याच दिवशी दिसू लागल्या. गणेश दैवज्ञांनी स्वतः जुन्या ग्रंथांतले अंक वेध घेऊन दुरुस्त केले होते. त्यांच्या अनुयायांनी दुरुस्त केलेले अंक तेवढे घेतले, दुरुस्त करण्याची सवय घेतली नाही.

या चुकीची जाणीव इंग्रजी अमदानीत पुण्यात झाली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपातल्या नव्या गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ मराठीत छापली, आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ चा. मूळ ग्रंथ तपासून, प्रत्येक सिद्धान्ताचे अंक पडताळून लिहिलेले इतके काटेकोर काम त्या विषयावर तोवर झाले नव्हते, आणि ते मराठीत झाले. त्याच दीक्षितांनी सामान्य वाचकाला रात्री बाहेर काढण्यासाठी ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तकही लिहिले होते.

लोकमान्य टिळक हे केरूनाना छत्र्यांचे विद्यार्थी. १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये त्यांनी वैदिक वाङ्मयातल्या मृगाच्या उल्लेखांवरून वसंतसंपात एके काळी मृगात होता असे मांडून वेदांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांपर्यंत नेला. हा काळ आज बहुतेक इतिहासकार मान्य करत नाहीत. त्यांनी ज्यावर भिस्त ठेवली ते संपातचलन मात्र खरे आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे ऋतू आणि नक्षत्रे यांचा मेळ सुमारे ७१ वर्षांत एका दिवसाने बिघडतो. शिवकाळात मृग आजच्यापेक्षा सुमारे ५ दिवस आधी लागत असे. मोसमी पाऊस नक्षत्रांचे ऐकत नाही, तो ऋतूंचे ऐकतो. म्हणून पावसाच्या नक्षत्रांची म्हणी-वाक्प्रचारांतली वर्णने शतकागणिक थोडी थोडी सैल होत जातात, आणि ती आजही पुष्कळशी जुळतात याचे श्रेय प्रत्येक नक्षत्राला मिळालेल्या तेरा-चौदा दिवसांच्या ऐसपैस मुदतीला द्यायला हवे.

पंचांगशोधनाच्या वादात टिळकांसमोर व्यंकटेश बापूजी केतकर उभे होते. राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून मोजायचा की चित्रेच्या समोरच्या बिंदूपासून, हा प्रश्न होता. दोन्हींत सुमारे ४ अंशांचा फरक येतो, म्हणजे सूर्याच्या चार दिवसांचा. टिळक रेवतीकडे, केतकर चित्रेकडे. १९५५ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने चित्रेचा पक्ष घेतला, तरी टिळक पंचांग वेगळ्या तारखा देत राहिलेच. या वादापेक्षा केतकरांची दुसरी कामगिरी अधिक विलक्षण आहे. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोलसंस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असे गणित प्रसिद्ध केले. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे सुचवली. गुरूच्या चंद्रांच्या गतींत लाप्लासला जे नाते सापडले होते तसेच नाते ग्रहांतही असेल, ही त्यांची धारणा होती. जवळच्या ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट आणि फेरीचा काळ सुमारे २४२ वर्षे काढला. १९३० च्या मार्चमध्ये प्लूटो सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्याचे अंतर ३९.५ पट आणि फेरी २४८ वर्षांची निघाली. केतकर त्याच वर्षी निवर्तले. याला भाकीत खरे ठरले असे म्हणणे मात्र धाडसाचे आहे. प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे साडेचारशेव्या भागाएवढे आहे आणि केतकरांचे गृहीतक पुढे टिकले नाही. अंक जुळले यात योगायोगाचा वाटा मोठा आहे. तरीही पंचांगकर्त्याने राहूच्या रीतीने एका न दिसलेल्या ग्रहाला रकाना दिला आणि तो युरोपच्या नियतकालिकात तपासणीसाठी मांडला, हे नोंदवण्याजोगे आहे.

त्याआधीच, दिसणाऱ्या उजेडातच न दिसणारे काही दडले आहे हे वर्णपटाने दाखवले होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दख्खनवरून गेला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात जॉन हर्शेल आणि गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन उपकरणे घेऊन बसले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट जान्सेनने पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही तो पाहता येतो हे दाखवले. त्यातली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नव्हती. पुढे तिला हेलियम हे नाव मिळाले. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि नॉर्मन लॉकियरने १८६८ मध्ये तिथेच हेलियम शोधला असे सांगतात. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता आणि त्याने आपला वेध तिथूनच, त्या वर्षाच्या ऑक्टोबरात घेतला. विजयदुर्गावर तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्याचा मान त्यामुळे कमी होत नाही, तीस वर्षांचा फरक तेवढा पडतो.

त्या १८९८ च्या ग्रहणाला सोलापूर भागातल्या जेऊर येथे कावसजी दादाभाई नायगमवाला आपले पथक घेऊन गेले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे पथकही तिथेच उतरले होते. नायगमवाला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकवत. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी तिथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती. तिची २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. पुण्यात प्रगत खगोलसंशोधन पुन्हा रुजायला पुढे अर्धे शतक उलटून गेले.

न दिसणाऱ्या विश्वाचा खरा दरवाजा उघडला तो अमेरिकेत, आणि त्याची किल्ली जुनीच होती. बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की समुद्रापार टेलिफोनमध्ये येणाऱ्या खरखरीचे स्रोत शोधत होता. विजांची खरखर ओळखून वेगळी काढल्यावर एक मंद, सतत येणारी खरखर उरली. ती रोज ठरावीक वेळी वाढे. आधी त्याला वाटले सूर्याची असेल. पण महिने उलटले तसा तिचा जोर रोज ४ मिनिटे लवकर येऊ लागला. सूर्य २४ तासांनी त्याच जागी येतो, तारे २३ तास ५६ मिनिटांनी. रोजच्या या चार मिनिटांमुळेच तर नक्षत्रे वर्षभरात आकाशातून सरकतात आणि सूर्य एकामागून एक नक्षत्रांत जातो. जान्स्कीने १९३३ मध्ये जाहीर केले की खरखर ताऱ्यांच्या दिशेने, धनू राशीकडून येते. आकाशगंगेचे केंद्र तिथे, भारतीय मोजणीत मूळ नक्षत्राच्या हद्दीत आहे. प्राचीनांना हे केंद्र ठाऊक होते असे यावरून कधी कधी सांगितले जाते, पण त्याला काही आधार नाही. नुसत्या डोळ्यांनी हे केंद्र दिसतच नाही, धुळीच्या ढगांआड आहे.

महाराष्ट्रात रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात कल्याणला झाली. गोविंद स्वरूप १९६३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ऑस्ट्रेलियातल्या पॉट्स हिल इथल्या, वापरातून गेलेल्या ३२ तबकड्या त्यांनी भारताला मिळवून दिल्या होत्या. प्रत्येक सुमारे ६ फुटांची. १९६५ मध्ये कल्याणजवळच्या मोकळ्या जागेत त्या ओळीने बसवून सूर्याचे रेडिओ निरीक्षण सुरू झाले. पाच वर्षांत, १९७० मध्ये, निलगिरीत उटी इथे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभी राहिली. डोंगराचा जो उतार निवडला तो ११ अंशांचा होता आणि त्या जागेचा अक्षांशही तेवढाच. त्यामुळे दुर्बिणीचा लांब आस आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. नुसती एका दिशेने फिरवत राहिले की तारा तासन्‌तास टिपता येतो.

उटीच्या दुर्बिणीचे मुख्य हत्यार चंद्र होता. चंद्र तारा झाकतो त्याला पिधान म्हणतात, आणि चंद्राचे रोहिणीवर प्रेम असल्याची पुराणकथा याच दृश्याची आठवण करून देते. रोहिणीच्या पिधानांची मालिका राहूच्या फेऱ्यानुसार साडेअठरा वर्षांनी परत येते. अलीकडची २०१५ ते २०१८ मध्ये झाली. चंद्राची कडा कोणत्या क्षणी कुठे असेल हे अगदी नेमके ठाऊक असते, म्हणून एखादा रेडिओ स्रोत तिच्यामागे कसा मावळत जातो हे मोजले की त्याची जागा आणि आकार बारकाईने कळतो. अशा शेकडो पिधानांच्या मोजमापांतून स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये दाखवले की मंद, म्हणजे दूरचे, रेडिओ स्रोत आकाराने लहान दिसत जातात, आणि ते बदलत्या, उत्क्रांत होणाऱ्या विश्वाच्या कल्पनेशी जुळते. विश्व कायम एकसारखे आहे असा पर्यायी सिद्धान्त फ्रेड हॉईल यांच्यासोबत मांडणारे जयंत नारळीकर तेव्हा त्याच टाटा संस्थेत होते. दोन्ही बाजू एकाच संस्थेत होत्या. नारळीकरांनी मोठ्या स्फोटाच्या सिद्धान्तावरचे आक्षेप अखेरपर्यंत सोडले नाहीत. १९८८ मध्ये पुण्यात त्यांनी उभारलेल्या आयुका या संस्थेत मात्र दोन्ही विचारांना जागा राहिली.

उटीनंतरची उडी जुन्नर तालुक्यात पडली. नारायणगाव द्राक्षांसाठी, टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या राहुट्यांसाठी प्रसिद्ध. तिथून काही किलोमीटरवर खोडद इथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभी आहे. १९८४ मध्ये कल्पना, १९८७ मध्ये मंजुरी, नव्वदच्या दशकात बांधणी, आणि २००२ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी ती खुली. जागा निवडताना शहरांपासूनचे अंतर, भोवतालच्या डोंगरांनी अडवलेला रेडिओ गोंगाट, कमी वारा आणि दक्षिणेकडचे आकाशही दिसेल असा १९ अंशांचा अक्षांश, इतक्या गोष्टी पाहिल्या गेल्या.

४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना इथे आहेत. १४ मध्यवर्ती चौकात, बाकीच्या १६ तीन रांगांत पसरलेल्या, सर्वांत लांबच्या दोहोंत सुमारे २५ किलोमीटर अंतर. दुरून डिश भरीव वाटते. जवळ गेल्यावर ती जाळीची निघते. ०.५५ मिलिमीटर जाडीच्या न गंजणाऱ्या पोलादी तारांची जाळी, मध्यभागी भोके १० मिलिमीटरची आणि कडेला २० मिलिमीटरची. पोलादी दोरखंडांनी ती खालून ताणून पॅराबोला आकारात धरलेली असते. ही दुर्बीण ज्या लहरी ऐकते त्या २० सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत लांब असतात. एवढ्या लहरीला एक-दोन सेंटिमीटरची भोके दिसतच नाहीत, ती भरीव आरशावरून परतावी तशी परतते, आणि वारा मात्र आरपार जातो. डिश हलकी राहिली, खांब बारीक झाले, खर्च आटोक्यात आला. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत एकच लहर किती फरकाने पोचली हे मोजून चित्र तयार होते. अडथळा असतो तो माणसांचा: विजेच्या तारा, मोबाइलचे मनोरे, मोटारसायकलची ठिणगी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला दुर्बिणीचे दरवाजे उघडतात आणि पंचक्रोशीतल्या शाळांच्या पोरांची तिथे झुंबड उडते.

ही दुर्बीण मुख्यतः हायड्रोजन शोधण्यासाठी बांधली. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या फिरण्याची दिशा सारखी असली आणि इलेक्ट्रॉन उलटला, तर २१ सेंटिमीटर लांबीची लहर बाहेर पडते. एकेका अणूला याला सरासरी एक कोटीहून अधिक वर्षे लागतात, पण विश्वात हायड्रोजन इतका अफाट आहे की ही कुजबुज ऐकू येते. १९४४ मध्ये व्हान डे हुल्स्टने ती वर्तवली आणि १९५१ मध्ये ती सापडली. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरची लहर वाटेत ताणली जाते. म्हणून लांबलचक लहरींची दुर्बीण म्हणजे जुन्या काळाची दुर्बीण. २०२० मध्ये पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ७,६५३ दीर्घिकांच्या दिशेने आलेले संदेश एकावर एक रचले. त्यांतली एकही दीर्घिका एकटी ऐकू येत नव्हती, पण सगळ्यांची सरासरी काढल्यावर सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन स्पष्ट उमटला. त्या दीर्घिकांतला वायू जेमतेम एक-दोन अब्ज वर्षे ताऱ्यांची निर्मिती चालवायला पुरेल एवढाच होता. तारे घडण्याचा वेग नंतर का मंदावला याचा एक धागा त्यातून मिळाला.

हायड्रोजनने आणखी मोठी गोष्ट उघडकीला आणली, किंवा खरे तर दडलेलीच ठेवली. दीर्घिकेच्या कडेचा हायड्रोजन किती वेगाने फिरतो हे मोजले की आत किती द्रव्य आहे हे कळते, आणि ते दिसणाऱ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघते. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांच्या आणि इतरांच्या मोजमापांनी हे पक्के केले. २००५ मध्ये जीएमआरटीवर एनजीसी ३७४१ ही छोटी, मंद दीर्घिका पाहिली, तेव्हा तिच्या हायड्रोजनची तबकडी दिसणाऱ्या ताऱ्यांच्या पसाऱ्याच्या आठपटींहून अधिक दूर पसरलेली आढळली, आणि तिथवरचा वेग सांभाळायला बहुतेक सगळे द्रव्य न दिसणारे मानावे लागले. आजच्या हिशेबात विश्वाचा सुमारे ५ टक्के भाग नेहमीच्या द्रव्याचा, २७ टक्के कृष्ण द्रव्याचा आणि ६८ टक्के कृष्ण ऊर्जेचा. कृष्ण द्रव्य कशाचे बनले आहे हे कोणालाच माहीत नाही. राहूची जागा काढता येत असे आणि राहू म्हणजे काय हेही गणिताला ठाऊक होते. इथे जागा काढता येते, पण वस्तू अजून सापडलेली नाही.

अदृश्य शोधायला घड्याळेही लागतात. पल्सार हे वेगाने गरगरणारे मृत तारे असून त्यांच्या टिकटिकीत अपार नियमितपणा असतो. अवकाशातून फार लांब गुरुत्वीय लहर गेली तर वेगवेगळ्या पल्सारांची टिकटिक ठरावीक नमुन्यात मागेपुढे होते. २९ जून २०२३ रोजी जगभरच्या गटांनी अशा लहरींचा पुरावा जाहीर केला. त्यांत जीएमआरटी वापरणारा भारत-जपानचा गट युरोपच्या गटासोबत होता.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेली गुरुत्वीय लहर पकडली गेली. ही टक्कर १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत झाली, आणि ती दीर्घिका चित्रेच्या ताऱ्यापासून दक्षिणेला सुमारे १२-१३ अंशांवर आहे. टकरीनंतरचा उजेड दुर्बिणींनी काही आठवडे पाहिला. मग सूर्य हस्त-चित्रेकडे आला आणि ती दिशा त्याच्याबरोबर दिवसा उगवू लागली. दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणींना थांबणे भाग पडले. रेडिओ दुर्बिणींना दिवस आणि रात्र सारखेच, त्यामुळे त्या टकरीचा रेडिओ उजेड टिपत राहिल्या. पुढच्या महिन्यांत जीएमआरटीनेही तो मोजला.

अशा लहरी पकडायला गणिताची तयारी आधी लागते. डिटेक्टरच्या खरखरीत लहर इतकी बारीक असते की ती कशी असेल हे अगोदर काढून ठेवले नाही तर ओळखूच येत नाही. आयुकातल्या संजीव धुरंधर यांनी सहकाऱ्यांसह १९९० च्या सुमारास ताऱ्यांच्या जोड्यांच्या निरनिराळ्या वस्तुमानांसाठी अपेक्षित लहरींचे नमुने मोजून त्यांची मोठी कोष्टके करण्याची आणि नोंदी त्यांच्याशी पडताळण्याची रीत उभी केली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत पहिली लहर सापडली त्या शोधात ही रीत कामी आली.

आता तसाच एक डिटेक्टर हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ इथे होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात ४-४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांना आरसे आणि मधून धावणारा लेझर. आरशांमधले अंतर प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलले तरी ते समजायला हवे, म्हणून समुद्राच्या लाटा, मोठे रस्ते आणि भूकंपाचे हादरे यांपासून दूर असलेली जागा लागली. अमेरिकेतल्या दोन डिटेक्टरांना लहर आली हे कळते, पण ती आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे नीट सांगता येत नाही, उत्तर लांब पट्ट्याच्या रूपात येते. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक डिटेक्टर असला तर लहर पोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून तो पट्टा आक्रसतो, आणि जीएमआरटीसारख्या दुर्बिणींना नेमके कुठे वळायचे ते कळते.